जागा की जाच?

व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर महिन्यातून एकदा तरी हे चित्र दिसतंच. काळा कातळ, त्याला एक बारीक भेग, भेगेतून वर आलेलं रोप आणि रोपाला एकच फूल. खाली ओळ असते की जिद्द असेल तर दगडातूनही उगवता येतं. दहावीच्या निकालानंतर हे चित्र फिरतं, नोकरकपातीच्या बातम्या आल्या की फिरतं, कुणाच्या घरी आजारपण असलं की मावशी-काका तेच पाठवतात. चित्र खोटं नसतं. अशी फुलं असतात. पावसाळ्यात तुंगारेश्वरच्या डोंगरात गेलात तर ओल्या कड्यांना चिकटून फुललेला तेरडा आणि बेगोनिया तुम्हालाही दिसतील. माझी शंका चित्राखालच्या ओळीबद्दल आहे.

ही कल्पना व्हॉट्सॲपहून कितीतरी जुनी आहे. हिमालयात बर्गेनिया नावाची एक बहुवर्षायू वनस्पती वाढते. जाड रुंद पानं, वसंतात गुलाबी फुलांचे झुबके आणि मुळं खडकांच्या फटींत. आयुर्वेदात ती पाषाणभेद म्हणून ओळखली जाते आणि मुतखड्यावर दिली जाते. युरोपातल्या पर्वतांवर तिच्याच कुळातली सॅक्सिफ्रागा असते. त्या लॅटिन नावाचाही अर्थ तोच, दगड फोडणारी. एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर राहणाऱ्या माणसांनी खडकातल्या वनस्पतीला सारखंच नाव दिलं आणि तिच्याकडून कामही सारखंच अपेक्षिलं: दगड फोडायचं.

खरं तर तिने दगड फोडलेला नसतो. भेग बहुतेक वेळा आधीच पडलेली असते. दिवसा तापून रात्री आकसणारा खडक, फटीत शिरणारं पाणी, उंचावर त्या पाण्याचा होणारा बर्फ, यांचं काम शतकानुशतकं चालू असतं. त्या फटीत धूळ साठते, पाला कुजतो, ओल टिकते, थोडी सावली मिळते. पुढे मुळं भेग थोडीफार रुंदावतही असतील, पण बी रुजतं ते तयार झालेल्या जागेत. आपल्याला लांबून तिथे फक्त दगड दिसतो. रोपाच्या दृष्टीने ती त्या परिसरातली सगळ्यात बरी खोली असते.

मग त्या रोपाला काटक म्हणायचं का? आणि माणसांना आपण काटक, कणखर, चिवट म्हणतो तेव्हा नक्की कशाचं कौतुक करत असतो? हा प्रश्न वरवर शब्दांचा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर आपण कुणाला काय देतो आणि कुणाकडून काय काढून घेतो हे ठरतं, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

थंडीत तगतं, ओलीत मरतं

‘रॉक गार्डन’ म्हटलं की आपल्याला चंदीगड आठवतं, नेक चंद यांनी टाकाऊ वस्तूंतून उभी केलेली ती बाग. इथे मी म्हणतोय ती बाग वेगळी. युरोपातल्या हौशी लोकांना आल्प्ससारख्या पर्वतांवरची फुलं आपल्या घरी हवी होती, म्हणून ते अंगणात खडक रचून, मध्ये खडी-वाळू भरून लहानसा डोंगर तयार करू लागले. लंडनच्या क्यू उद्यानातली अशी बाग १८८२ सालची आहे.

या बागांमध्ये माळ्यांना एक विचित्र गोष्ट कळली. एडलवाइससारखं फूल बघा. पर्वतावर ते गोठणबिंदूच्या कितीतरी खाली जाणारी थंडी काढतं, बोचरा वारा आणि उंचावरचं प्रखर ऊन काढतं. तेच झाड खाली मैदानात आणून सुपीक, ओलसर मातीत लावलं, तर ते थंडीने मरत नाही. ते कुजतं. डोंगरावर हिवाळाभर ते बर्फाच्या पांघरुणाखाली असतं आणि ते पांघरूण बऱ्यापैकी कोरडं असतं. मैदानातला हिवाळा तितका थंड नसतो, पण ओला असतो. कुजण्यातून वाचलंच, तर भरपूर खतपाण्यावर ते लांबट, हिरवट होतं आणि त्याची ओळख असलेली पांढरी लव कमी होते. ती लव थंडी, कोरडेपणा आणि उन्हापासून बचावासाठी होती.

२००६ मध्ये क्यू उद्यानात या वनस्पतींसाठी डेव्हिस अल्पाइन हाउस नावाचं नवं काचघर उघडलं. आपल्या कल्पनेतलं काचघर आतल्या झाडांना ऊब देतं. हे काचघर हवा खेळती ठेवायला बांधलंय. जमिनीखाली काँक्रीटचा चक्रव्यूह आहे, तिथून थंड झालेली हवा झाडांभोवती सोडली जाते आणि गरम हवा उंच छतातून बाहेर पडते. जगातल्या सर्वात ‘काटक’ म्हणवल्या जाणाऱ्या झाडांना लंडनच्या सौम्य हवेपासून जपायला एवढी खटपट करावी लागते.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माझ्यासारख्याला यात एक जुना विनोद आठवतो. प्रोग्रॅम बंद पडला की लिहिणारा म्हणतो, ‘पण माझ्या मशीनवर तर चालतोय!’ आम्ही त्याला हसतो, कारण ‘चालतो’ हा नुसत्या प्रोग्रॅमचा गुण नसतो. तो प्रोग्रॅम आणि मशीन यांच्या जोडीचा गुण असतो. काटकपणाचंही तसंच आहे. एडलवाइस काटक आहे, हे वाक्य अर्धं आहे. कुठे, ते सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

वसईत तर हे फार सहज दिसतं. वसईच्या वाड्या केळी, भाजीपाला, मोगरा, चाफा यांसाठी नावाजलेल्या. माती चांगली, विहिरींना गोडं पाणी, हवेत दमटपणा. अशा जागी पर्वतावरचं झाड जगणार नाही, आणि जागा वाईट आहे म्हणून नाही. आपण जिला चांगली म्हणतो तशी ती आहे, म्हणून.

आपला कातळ

महाराष्ट्रात बर्फ पडत नाही. पण खडकावरच्या बागा आहेत, कुणी न रचलेल्या. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचं कास पठार त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. उंची सुमारे १२०० मीटर, वर जांभ्याचा थर, त्यावर माती कुठे बोटभर, कुठे अजिबातच नाही. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यात कास आहे. तिथे साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. कोकणात अशाच जांभ्याच्या माळांना सडा म्हणतात.

या जागेचं वर्ष विलक्षण असतं. चार महिने धो धो पाऊस, पाय ठेवाल तिथे पाणी. पुढचे आठ महिने ऊन, वारा आणि तव्यासारखा तापणारा दगड. मातीत नायट्रोजन इतका कमी की दवबिंदू आणि सीतेची आसवं यांसारख्या नाजूक दिसणाऱ्या वनस्पती कीटक पकडून आपली गरज भागवतात. काही वनस्पती पूर्ण वाळून कोळ झाल्यासारख्या होतात आणि पाऊस पडला की काही तासांत हिरव्या होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम घाटात सुकून पुन्हा जिवंत होणाऱ्या अशा ६२ वनस्पती नोंदवल्या आहेत.

यातलं माझं आवडतं कुटुंब म्हणजे सेरोपेजिया, मराठीत कंदीलपुष्प किंवा खरपुडी. जमिनीखाली लहानसा कंद. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर कोंब येतो, ऑगस्ट-सप्टेंबरात फूल. फूल खरंच कंदिलासारखं, खाली फुगीर, मध्ये नळी आणि वर पाकळ्यांची जाळी. बारीक माशी वासाने ओढली जाऊन नळीतून आत उतरते. आतले केस तिला परत वर येऊ देत नाहीत. मग फूल कोमेजू लागतं, केस मऊ पडतात आणि परागांचं ओझं घेऊन माशी सुटते. पाऊस संपला की जमिनीवरचं सगळं वाळून जातं आणि कंद पुढच्या जूनपर्यंत कोरड्या मातीत झोपतो. या कुटुंबातल्या भारतातल्या कित्येक प्रजाती जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात त्यांचा संग्रह जपला जातो.

तुमच्या घरात या कुटुंबातलं कुणीतरी असण्याची शक्यता बरीच आहे. ऑनलाइन नर्सरीत ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ नावाने जी वेल मिळते, बदामाच्या आकाराच्या चंदेरी ठिपक्यांच्या पानांची, ती दक्षिण आफ्रिकेतली सेरोपेजियाच. तीही खडकाळ जागांतली. तिच्या दोरीसारख्या खोडावर जागोजागी छोटे कंद धरतात. नीट बघितलं तर तिचं फूलही एक इवलासा कंदील असतं. तिच्याखालच्या शेऱ्यांमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसते: ‘रोज पाणी घालत होते, तरी मेली.’ यातला ‘तरी’ हा शब्द मजेदार आहे. तिथे ‘म्हणून’ हवं होतं.

वसईत तिला जगवायचं तर तंत्र अगदी साधं आहे. कुंडीत माती कमी, विटांचे तुकडे, खडी आणि जाड वाळू जास्त. भोक मोकळं, खाली बशी नाही. जून ते सप्टेंबर पावसाच्या झडीपासून आडोसा, पण वारा लागेल अशी जागा. पाणी घालायच्या आधी माती पूर्ण कोरडी झाली का ते बोट खुपसून बघायचं, नसेल तर झारी परत ठेवायची. आपल्याकडचं कंदीलपुष्प रोपवाटिकेत वाढवलेलं मिळालं तर त्याला हिवाळ्यात पाणी जवळजवळ बंद करायचं. पठारावरून मात्र ते कधीच उपटून आणायचं नाही. ‘अति तेथे माती’ ही म्हण या झाडांच्या बाबतीत शब्दशः खरी आहे, आणि उलटीही वाचता येते: माती अति झाली की संपलं.

हिरवी करूया म्हणून

एकेका झाडाच्या बाबतीत जे घडतं ते अख्ख्या रानाच्या बाबतीतही घडू शकतं. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड इथे १८५६ पासून एका गवताळ माळाचे तुकडे करून त्यांना वेगवेगळी खतं दिली जात आहेत. ज्या तुकड्यांना भरपूर खत मिळालं तिथे गवत जोमाने वाढलं आणि वनस्पतींच्या जाती कमी झाल्या. ज्यांना काहीच दिलं नाही तिथे आजही सर्वाधिक जाती आहेत. फिलिप ग्राइम या ब्रिटिश परिस्थितिकी अभ्यासकाने १९७०च्या दशकात याची मांडणी केली. त्याच्या मते काही वनस्पती स्पर्धेत पुढे असतात, काही सतत उलथापालथ होणाऱ्या जागांत तरतात आणि काही टंचाईत. टंचाईतल्या वनस्पती हळू वाढतात. सुपीक जागेत त्यांना खत मारत नाही. खतावर वाढलेले शेजारी त्यांचं ऊन अडवतात.

आपल्याकडचे सडे आणि पठारं सरकारी कागदांवर अनेकदा पडीक जमीन म्हणून नोंदलेली असतात. शब्द एकदा पडीक झाला की पुढचं सोपं होतं. एकजण म्हणतो, नाहीतरी काही उगवत नाही, खाण काढू. दुसरा म्हणतो, बिचारी उजाड जमीन, हिरवी करू. तो जुलैत ट्रकभर माती आणतो, जांभ्यात खड्डे खणतो आणि झाडं लावतो. त्याचा हेतू उत्तम असतो, फोटोही चांगले येतात. पण खड्ड्याच्या जागी जे काही होतं, ते बोटभर मातीतलं चार महिन्यांचं जग, ते गेलेलं असतं.

काटकपणाबद्दल आपली गफलत दोन बाजूंनी होते ती अशी. पहिली म्हणजे, काटक आहे, सोसेल, म्हणून काहीही करायला मोकळीक घेणं. दुसरी म्हणजे, बिचारं, दगडात राहतं, म्हणून त्याला आपल्या सुखाच्या कल्पनेत आणून बसवणं. पहिल्यात निर्दयता आहे आणि दुसरीत दया, पण दोघींचं मूळ एकच: ते जिथे आहे तिथे त्याचं काय चाललंय हे कुणी बघितलेलं नाही.

विरार लोकलचं कौतुक

आता माणसांकडे येऊ. इथे पाऊल जपून टाकायला हवं, कारण माणूस झाड नाही, आणि झाडांवरून माणसांना धडे द्यायची सवय त्या स्टेटसवाल्या चित्राला आहेच.

आमच्या क्षेत्रात ‘रेझिलियन्स’ हा शब्द दोन जागी वापरला जातो. एक यंत्रणेसाठी. एखाद्या रात्री सर्व्हरवर नेहमीच्या दहापट भार आला आणि तो तगला, तर दुसऱ्या दिवशी कुणी सर्व्हरचं कौतुक करत नाही. मीटिंग होते. भार का आला, पुन्हा येईल का, क्षमता किती वाढवायची, हे ठरतं. दुसरी जागा माणसांची. टीममधला एखादा तीन आठवडे रात्री दोनपर्यंत काम करून तगला, तर त्याला सगळ्यांसमोर प्रशस्तिपत्र मिळतं आणि पुढचं काम त्याच्याकडेच येतं, कारण तो तगतो हे आता सिद्ध झालेलं असतं. यंत्राच्या बाबतीत आपल्याला कळतं ते माणसाच्या बाबतीत का कळत नाही?

वसई-विरारच्या माणसाला हे प्रशस्तिपत्र रोज मिळतं. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, त्या गर्दीत चढायची आणि उतरायची कला, चौथ्या सीटवरची अर्धी बैठक, यावर किती विनोद आणि किती अभिमान आहे! ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा त्याच मार्गावर गाड्यांत चढले. देशभरात ‘मुंबई स्पिरिट’चं कौतुक झालं. त्या चढण्यात धीर होता, हे मी नाकारत नाही. जखमींना उचलून नेणाऱ्या अनोळखी माणसांमध्ये तर फारच होता. पण दुसऱ्या दिवशी चढणाऱ्या बहुतेकांसमोर दुसरा पर्यायही नव्हता. हजेरी लागली नाही तर पगार कापला जाणार होता. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं, लोकल बंद पडल्या, कित्येक भागांत वीज नव्हती. तेव्हाही ‘इथली माणसं चिवट आहेत’ हे वाक्य ऐकू आलं. चिवट आहेतच. पण ते वाक्य बोलून झालं की नाल्यांचं काय झालं हा प्रश्न विचारायची निकड कमी होते.

म्हणून मी दोन शब्द वेगळे ठेवायला शिकतोय: जागा आणि जाच. एडलवाइसला डोंगरावरचा वारा ही जागा आहे. त्याच्या अंगाची घडण त्या वाऱ्याला धरून झाली आहे. वारा काढून घेतला तर ते बिघडतं. विरारच्या माणसाला दाराला लटकणं हा जाच आहे. उद्या गाड्या दुप्पट झाल्या, तर एकाही प्रवाशाची पानं गळणार नाहीत. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, कुणीतरी कठीण परिस्थितीत टिकून आहे. फरक कळायला मनातल्या मनात ती अडचण काढून बघावी लागते. अडचण गेल्यावर तो जीव कोमेजला तर ती त्याची जागा होती. मोकळा श्वास घेऊन वाढू लागला तर जाच होता.

दुसरा प्रश्नही विचारता येतो: या काटकपणाचं कौतुक कोण करतंय, आणि त्या कौतुकाने कुणाचं काम वाचतंय? एडलवाइसचं कौतुक करून कुणाची जबाबदारी टळत नाही. कर्मचाऱ्याचं, प्रवाशाचं, घरातल्या बाईच्या सोशिकपणाचं कौतुक करून मात्र टळते.

हरकती

यावर एक हरकत लगेच येईल. कष्टांनीच माणूस घडतो, आम्ही रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला म्हणून इथवर आलो. हे सांगणाऱ्यांचा अनुभव खोटा नाही. पण कातळावर दरवर्षी असंख्य बिया पडतात, त्यातल्या बहुतेक वाळून, वाहून जातात. फोटो रुजलेल्या एकीचा निघतो. दिव्याखाली बसून पुढे गेलेला माणूस आज भाषण देतोय. त्याच दिव्याखाली बसून डोळे बिघडलेला, शाळा सुटलेला कुणी भाषणाला बोलावला जात नाही. टिकलेल्यांनाच विचारून कातळ चांगला की वाईट हे ठरवता येणार नाही.

दुसरी हरकत जास्त अवघड आहे. जागा कुठली आणि जाच कुठला हे ठरवणार कोण? कासचंच बघा. पर्यटकांनी फुलं तुडवू नयेत म्हणून तिथे कुंपण घातलं गेलं. पुढे असं म्हणणं आलं की कुंपणाने गुरांची चराई थांबली, गवत माजलं आणि फुलं कमी झाली, आणि कुंपण काढण्याची मागणी झाली. गुरांच्या खुरांकडे बघून कुणालाही तो जाचच वाटला असता. कदाचित तो त्या जागेचाच भाग होता.

आघारकरच्या संशोधकांनी अलीकडे तळेगाव-दाभाडे परिसरातून डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा ही नवी वनस्पती नोंदवली. ती वर्षातून दोनदा फुलते आणि दुसरा बहर गवताला वणवा लागून गेल्यावर येतो. म्हणजे आगसुद्धा कुणाची तरी जागा असू शकते. पण म्हणून वणवे चांगले, असं त्यातून निघत नाही. त्याच माळावर घरटं असलेल्या पक्ष्याला विचारा. एकाची जागा दुसऱ्याचा जाच असते आणि त्याबद्दल सरसकट नियम करता येत नाही.

हा प्रश्न आपल्या पिढीच्या घराघरांत येऊन बसलाय. विरारमध्ये कोकणातून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. मुलगा किंवा मुलगी कमावती होते, चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेते आणि गावाहून आईला आणते. गावी सड्यावरचं घर, लांबून आणायचं पाणी, चूल, गुडघेदुखी. इथे नळ, गॅस, टीव्ही, खाली दवाखाना. सहा महिन्यांत आई गप्प होते. जेवण कमी होतं, दुपारभर खिडकीत बसते. सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात. मुलांना कळत नाही, आपण तर सगळं दिलं.

इथे घाईने दोन्हीकडे घसरता येतं. एक म्हणेल, गावची माणसं काटक असतात, तिला तिथेच राहू दे, हंडे उचलायची तिला सवय आहे. हे सोयीचं आहे, पण हंडे ही कुणाचीच जागा नसते. गावातही नळ येऊ शकतो. दुसरा म्हणेल, तिला सवय होईल, इथेच ठेव. तेही सोयीचंच. तिच्या दिवसात जाच कुठला होता आणि जागा कुठली होती, हे सुटं करून बघावं लागतं. हंडा जाच असेल. पण हंडा आणताना वाटेत भेटणाऱ्या बायका, परसातली भेंडी, दाराशी थांबणारं कुणीतरी, तिच्यावाचून अडणारी चार कामं, ही तिची बोटभर माती असू शकते. आपण हंड्याबरोबर तीही टाकून आलेलो असतो.

झाडापेक्षा माणसाचं एक बरं आहे, त्याला विचारता येतं. पण विचारूनही भागतंच असं नाही. ‘कशी आहेस?’ म्हटलं की आई म्हणणार, ‘मला काय धाड भरलीय!’ अमर्त्य सेन यांनी हा मुद्दा फार पूर्वीच मांडलाय. दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसं आपल्या अपेक्षाच लहान करून घेतात, जगणं सुसह्य व्हावं म्हणून. त्यामुळे ‘मी खूश आहे’ हे त्यांचं उत्तर त्यांच्या स्थितीचा पुरावा मानता येत नाही. गावी असताना ‘पाण्याचा काही त्रास नाही’ म्हणणारी आई आणि विरारमध्ये ‘मला काही कमी नाही’ म्हणणारी आई, दोन्ही वेळा ती आपल्याला त्रास होऊ नये म्हणून बोलत असू शकते.

मग उरतं ते माळीकाम. जाणता माळी एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि एक हंगाम थांबतो. पाणी कमी केलं तर त्याच आठवड्यात कुंडी दुसऱ्या खिडकीत नेत नाही, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. आम्हीही बग शोधताना हेच करतो. आणि बदल असा करतो की परत फिरता येईल. आईच्या बाबतीत याचा अर्थ गावचं घर लगेच विकू नये. पावसाळा तिथे, उन्हाळा इथे असं एक वर्ष काढून बघावं, इथे तिला खरंखुरं एखादं काम सोपवावं, आणि ती काय बोलते याहून ती कधी जेवते, कुणाशी बोलते, कशाची वाट बघते हे बघावं. कर्मचाऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ प्रशस्तिपत्राआधी त्याच्या रात्रीच्या लॉग-इनच्या वेळा बघाव्यात आणि ‘नाही’ म्हणायची त्याची मुभा खरी आहे का ते तपासावं. ज्याला सोडून जाता येत नाही त्याच्या टिकून राहण्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

यात वेळ जातो. दया आणि दुर्लक्ष दोन्ही याहून झटपट होतात, म्हणूनच आपल्याला ती आवडतात. थांबून बघण्यात आपण चांगले आहोत असं लगेच वाटतही नाही, कारण देणाऱ्याच्या हातात झारी असते आणि ती रिकामी न करताच त्याला परत यावं लागतं.

कंदीलपुष्पाची कुंडी मे महिन्यात रिकामी दिसते. वर सुकी खडी, एखादी वाळलेली काडी. घरातलं कुणीतरी म्हणतं, हे मेलंय, फेकून दे. दुसरं कुणी दया येऊन तांब्याभर पाणी घालायला जातं. खाली कंद जिवंत असतो आणि त्याला या दोघांचीही गरज नसते. त्या कुंडीवर तारीख लिहिलेली एक चिठ्ठी लावावी: जूनपर्यंत पाणी घालू नये. मग पहिल्या पावसानंतरचा एक आठवडा तिच्याकडे रोज बघावं, कारण कोंब आला की त्याच दिवसापासून मात्र पाण्यात हयगय चालत नाही.